दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना संशोधन शिकवायचंय? सुरुवात वीस दातांच्या डब्यापासून करा

विभागात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात जे विषय हमखास पडतात, त्यात 'संशोधन पद्धती' पहिला. वरिष्ठांना तो नको असतो, विद्यार्थ्यांना तर नकोच असतो. माझ्याकडे आला तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात: पहिल्या तासाला अभ्यासाच्या प्रकारांचा पिरॅमिड, दुसऱ्याला सॅम्पलिंग, तिसऱ्याला पी-व्हॅल्यू (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे जोखायचा आकडा). चौथ्या तासाला निम्मा वर्ग गायब होता. जे बसले होते ते हजेरीसाठी.

पुढे काही बॅचेस गेल्यावर क्रम पूर्ण उलटा केला. दंतवैद्यकाचा विद्यार्थी हाताने शिकतो. त्याला आधी मोजायला लावायचं, त्याचं मोजमाप चुकतं हे त्याला स्वतःला दिसू द्यायचं, आणि मग बाकीचं सगळं त्या खटकण्यावर रचायचं. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. तुम्ही पहिल्यांदाच हा विषय घेणार असाल किंवा पहिल्यांदाच विद्यार्थ्यांचे गाइड झाला असाल, तर पहिल्या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या. ती नीट झाली की पुढच्या पायऱ्या चढायला सोप्या जातात.

पायरी १: मोजायला लावा, आणि भांडू द्या

काढलेल्या दाढांपैकी वीस निवडा. सगळ्याच किडलेल्या नकोत. बऱ्याचशा निरोगी, काही उघड किडलेल्या, आणि मुद्दाम काही संशयास्पद घ्या. भेगांमध्ये नुसता तपकिरी डाग असलेल्या, मानेपाशी पांढुरका चट्टा असलेल्या. स्वच्छ करून निर्जंतुक करा. अमाल्गम (पाऱ्याचा मिश्रधातू) भरलेले दात आधीच बाजूला काढा. ते ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घातले तर पाऱ्याची वाफ होते. उरलेले पाण्यात ओलेच ठेवा, कारण दात सुकला की त्यावरचे पांढरे चट्टे वेगळेच दिसायला लागतात. प्रत्येकाच्या मुळाला क्रमांक द्या.

दाढेला पाच पृष्ठभाग. वीस दाढा म्हणजे शंभर पृष्ठभाग. प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने, शेजारच्याशी न बोलता, शंभर पृष्ठभागांसमोर एकच गोष्ट लिहायची: कीड आहे किंवा नाही. टोकदार एक्सप्लोरर (दात टोकरून बघायची सुई) देऊ नका. सुरुवातीच्या अवस्थेतल्या इनॅमलला तो खरोखर इजा करतो, आणि चार बॅचेसनंतर तुमच्या संग्रहात विद्यार्थ्यांनीच पाडलेले खड्डे असतील. टोकाला ०.५ मिलिमीटरचा गोळा असलेला डब्ल्यूएचओ प्रोब पुरेसा आहे.

मग दोघादोघांच्या जोड्या करा आणि फळ्यावर चार चौकटी काढा. समजा एका जोडीचं असं निघालं: दोघांनीही 'कीड आहे' म्हटलेले पृष्ठभाग १०, दोघांनीही 'नाही' म्हटलेले ८०, फक्त पहिल्याला कीड दिसली असे ५, फक्त दुसरीला दिसली असे ५. शंभरात नव्वद वेळा एकमत! वर्ग खूश होतो. होऊ द्या.

आता विचारा, की यांनी दातांकडे न बघता, नुसत्या अंदाजाने लिहिलं असतं तर किती वेळा जुळलं असतं? दोघेही शंभरात १५ वेळा 'आहे' म्हणतात आणि ८५ वेळा 'नाही'. योगायोगाने दोघेही 'आहे' म्हणण्याची शक्यता ०.१५ गुणिले ०.१५, म्हणजे ०.०२२५. दोघेही 'नाही' म्हणण्याची ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे ०.७२२५. बेरीज ०.७४५. डोळे मिटूनही शंभरात साडेचौऱ्याहत्तर वेळा एकमत झालंच असतं! डोळे उघडे ठेवून केलेली खरी कमाई म्हणजे ९० वजा ७४.५, फक्त साडेपंधरा. जास्तीत जास्त होऊ शकणारी कमाई साडेपंचवीस. साडेपंधराला साडेपंचवीसने भागलं की ०.६१. हा कोहेनचा कप्पा. कोहेन यांनी तो १९६० मध्ये मांडला; १९७७ मध्ये लँडिस आणि कॉख यांनी दिलेली प्रतवारी अजून वापरतात, आणि तिच्यात ०.६१ म्हणजे 'मध्यम' आणि 'चांगलं' यांचा उंबरठा.

इथे एक गंमत करा. वर्गात एखादा आळशी विद्यार्थी असतोच, ज्याने शंभरही ठिकाणी 'नाही' लिहून टाकलं. त्याचा कागद घ्या आणि त्याच दुसरीशी ताडून बघा. एकमत ८५ टक्के. कप्पा? शून्य. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करायचं, तुम्ही नाही. मी हे सूत्र आधी तीन वर्षं स्लाइडवर दाखवत होते; परीक्षेबाहेर एकालाही आठवायचं नाही. या डब्यानंतर ते विसरलेला विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

यानंतर खरं काम सुरू होतं: ज्या दहा पृष्ठभागांवर मतभेद झाला ते शोधून दोघांनी पुन्हा बघायचे आणि वाद घालायचा. बहुतेक वेळा भांडण दोनच ठिकाणी असतं. एक, भेगेतला डाग. दोन, पांढरा चट्टा. एकीने हवेच्या फवाऱ्याने दात वाळवून पाहिला, म्हणून तिला चट्टा दिसला. दुसऱ्याने ओला पाहिला, त्याला दिसला नाही. आयसीडीएएस (कीड टप्प्यांनुसार नोंदवायच्या आंतरराष्ट्रीय) पद्धतीत या फरकासाठीच दोन वेगळे कोड आहेत: फक्त वाळवल्यावर दिसतो तो १, ओल्या दातावरही दिसतो तो २. डब्ल्यूएचओच्या सर्वेक्षण पद्धतीत मात्र पांढरा चट्टा कीड म्हणून धरतच नाहीत. म्हणजे दोघेही बरोबर असू शकतात. फक्त 'कीड' कशाला म्हणायचं हे आधी ठरलं नव्हतं.

आता त्यांनाच सांगा: नियम लिहा. दात वाळवायचा का, किती सेकंद, दिवा कुठला, डाग धरायचा का. अर्ध्या पानात बसतं. हेच त्यांचं पहिलं प्रोटोकॉल, आणि ते त्यांना गरजेपोटी सुचलेलं असतं. आठवड्याने दातांचे क्रमांक बदलून, नवा नियम समोर ठेवून पुन्हा मोजायला लावा. जोडीचा कप्पा सहसा वाढतो. त्याच बैठकीत प्रत्येकाने स्वतःच्या मागच्या आठवड्याच्या कागदाशीही ताडून बघावं. क्रमांकांची किल्ली तुमच्याकडे असते. स्वतःचं स्वतःशी पटत नाही हे पाहिल्यावरचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पायरी २: प्रश्न बारीक करा

विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न नेहमी हत्तीएवढा असतो. तो नाकारू नका, सोलत जा. मागे एका मुलीशी झालेलं बोलणं जवळपास असं होतं (ऑर्थो म्हणजे तारा लावून दात सरळ करणारा विभाग):

"मॅडम, मला ऑर्थोच्या पेशंटवर करायचंय. त्यांची तोंडाची स्वच्छता."

"स्वच्छतेचं काय?"

"खराब असते."

"हे माहीतच आहे की. तुला काय माहीत नाही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आपण सगळ्यांना तो दातांच्या फटीत घालायचा छोटा इंटरडेंटल ब्रश देतो. ते वापरतात की नाही, आणि वापरला तर फरक पडतो का, हे खरं तर मला माहीत नाही."

"बस. हा प्रश्न."

तिथून पुढे कोण, काय, कशाच्या तुलनेत आणि काय मोजायचं ही चार खणांची चौकट भरायला दहा मिनिटं लागली. १२ ते १८ वयाची, ब्रॅकेट लावलेली मुलं. नेहमीच्या ब्रशसोबत इंटरडेंटल ब्रश. नुसत्या नेहमीच्या ब्रशच्या तुलनेत. चार आठवड्यांनी प्लाक इंडेक्स (दातांवरचा जंतूंचा थर मोजायचा आकडा). या चौकटीला 'पिको' म्हणतात. पण चौकट आधी देऊ नका. 'तुला काय माहीत नाही?' हा प्रश्न आधी. चौकट आधी दिली की विद्यार्थी रकाने भरतात आणि विचार करत नाहीत.

चांगला प्रश्न खुर्चीपाशीच भेटतो, हे पटवायला मी फ्लोराइडची गोष्ट सांगते. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावी दवाखाना थाटायला गेला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, आणि त्याचं कारण एकाही पुस्तकात नाही. त्याने विचारायला सुरुवात केली: कोणाला होतात, कोणाला नाही, बाहेरून मोठेपणी आलेल्यांना का नाहीत. डागाळलेले दात किडीला मात्र दाद देत नाहीत, हेही त्याच्या लक्षात आलं. पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड हे कारण म्हणून सापडायला १९३१ उजाडलं, तेही एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाच्या, चर्चिलच्या, तपासणीत. म्हणजे तीस वर्षं. तुमच्या विद्यार्थ्याकडे एक सत्र आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न तेवढाच हवा.

जाता जाता एक सल्ला: 'अमुक गटातील मौखिक आरोग्याविषयी जागरूकता' या साच्यातले प्रश्नावलीचे अभ्यास शक्यतो टाळा. सोपे वाटतात म्हणून सगळे तिकडे धावतात. चांगली प्रश्नावली तयार करणं आणि ती पारखून घेणं हे प्लाक मोजण्यापेक्षा खूप अवघड काम आहे. न पारखलेल्या प्रश्नावलीतून 'ब्रश दिवसातून किती वेळा करता?' याला प्रत्येकजण 'दोनदा' एवढंच सांगतो.

पायरी ३: शोधायला शिकवा

इथे फार वेळ घालवू नका. दोन बैठका पुरतात. पबमेड (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) उघडा. प्रश्नाचे दोन-तीन मुख्य शब्द काढा, प्रत्येकाचे समानार्थी शब्द 'ऑर'ने जोडा, मग ते गट एकमेकांना 'अँड'ने जोडा. पबमेडची स्वतःची विषयसूची आहे, 'मेश' नावाची. कीड या एकाच गोष्टीला लेखक पाच शब्द वापरतात, आणि मेश त्या सगळ्यांना एका नावाखाली आणतं. एकाच प्रश्नावर दोघांना वेगवेगळं शोधायला लावा. एकाला ४० लेख मिळतात, दुसरीला ४,०००. हा फरक का पडला हे त्यांनी एकमेकांना समजावून सांगितलं की तुमचं काम झालं.

दोन सवयी मात्र सुरुवातीपासूनच लावा. शोधाची वही: तारीख, शब्द, किती लेख आले. आणि झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, तासाभरात जमतं.

आता विद्यार्थी एआयला विचारतात. विचारू द्या, शब्द सुचवायला ते चांगलं आहे. पण ही साधनं कधी कधी अस्तित्वातच नसलेला लेख, खऱ्या नियतकालिकाच्या नावासकट, अगदी ठणठणीतपणे सांगतात. माझ्याकडे नियम साधा आहे: जो लेख उघडून समोर ठेवता येत नाही, तो संदर्भ यादीत नाही.

पायरी ४: निष्कर्ष झाकून पेपर वाचा

जर्नल क्लब म्हणजे एकाने स्लाइड वाचायच्या आणि बाकीच्यांनी मोबाइल, हे तुम्हीही भोगलं असेल. त्याऐवजी पेपरमधला सारांश आणि निष्कर्ष कागदाने झाका. पद्धत आणि तक्ते तेवढे द्या, आणि निष्कर्ष विद्यार्थ्यांना तीन ओळींत लिहायला सांगा. मग झाकण काढा. लेखकांचं वाक्य त्यांच्यापेक्षा जास्त ठाम असेल तर का, हे विचारा.

पहिला पेपर म्हणून मी १९६५ चा लो आणि सहकाऱ्यांचा प्रायोगिक हिरडीदाहाचा अभ्यास देते. तो छोटा आहे, आणि त्यातले 'पेशंट' विद्यार्थ्यांच्या ओळखीचे वाटतात: बारा जणांपैकी नऊ दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. निरोगी हिरड्या असलेल्या या मंडळींनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात ठीक झाल्या. वर्गाला विचारा: वेगळा कंट्रोल (तुलनेचा) गट नाही, फक्त बारा माणसं, तरी आपण हे का मानतो? काही मिनिटांत कुणीतरी म्हणतं, की प्रत्येकजण स्वतःचाच कंट्रोल होता. कारण काढून घेतलं तसा परिणामही गेला. अभ्यासाच्या प्रकारांचा पिरॅमिड दाखवायचाच असेल तर आता दाखवा. आता त्याला काही अर्थ आहे.

दुसऱ्या पेपरला एखादा असा निवडा ज्यात दोन गटांच्या पॉकेटच्या (दात आणि हिरडी यांमधल्या फटीच्या) खोलीत ०.२ मिलिमीटरचा फरक आहे आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आहे. मग पॉकेट मोजायचा प्रोब हातात द्या. त्यावरच्या दोन खुणांमधलं सर्वात छोटं अंतर १ मिलिमीटर. आकडेशास्त्राच्या दृष्टीने फरक खरा असेल, पण पेशंटला त्याचं काय? जास्त बोलावं लागत नाही.

पायरी ५: तोंडाची एक खोड

बाहेरचा संख्याशास्त्रज्ञ हमखास इथे अडखळतो, आणि आपले विद्यार्थी तर न अडखळताच पडतात. एका तोंडात बरेच दात असतात, एका दाताला बरेच पृष्ठभाग, आणि ते सगळे एकाच लाळेत, एकाच माणसाच्या सवयींत राहतात. ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत.

विद्यार्थी येतो: "मॅडम, सॅम्पल २०० आहे." उघडून बघितलं तर २० पेशंट, प्रत्येकाचे १० दात. एकाच तोंडातले दात एकमेकांसारखे किती वागतात याचा एक सहसंबंध असतो. समजा तो ०.२ आहे. मग फुगवट्याचा गुणक असा: १ अधिक (१० वजा १) गुणिले ०.२, म्हणजे २.८. २०० ला २.८ ने भागा. हातात साधारण ७१ स्वतंत्र निरीक्षणांइतकीच माहिती आहे. नेहमीची टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना) मात्र २०० समजून चालते आणि नसलेला फरक 'सिग्निफिकंट' म्हणून हातात ठेवते.

इथवर आल्यावर वर्गातला एखादा हुशार मुलगा डब्याकडे बोट दाखवतो: "मग आपले ते शंभर पृष्ठभाग?" बरोबर आहे. तेही वीसच दातांचे होते. पहिल्या दिवशी केलेल्या गणितात ही चूक मी जाणूनबुजून सोडलेली असते, आणि ती कुणी पकडली की मला फार बरं वाटतं. कुणी नाहीच पकडली तर मी काढून दाखवते, पण जरा हिरमुसून.

स्प्लिट-माउथ पद्धत, म्हणजे एका बाजूला एक उपचार आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, विद्यार्थ्यांना फार आवडते. कमी पेशंटमध्ये भागतं. चांगली आहेच. फक्त एक विचारायला शिकवा: उजवीकडे दिलेलं औषध डावीकडे पोचणार नाही ना? फिलिंगच्या दोन साहित्यांची तुलना असेल तर प्रश्न नाही. माउथवॉशसाठी मात्र स्प्लिट-माउथ हा विनोद आहे, आणि तो प्रस्ताव माझ्याकडे एकदा आलेला आहे.

पायरी ६: नीती, फॉर्मच्या आधी

एथिक्स कमिटीचा फॉर्म भरणं म्हणजे नीती शिकणं अशी समजूत विद्यार्थ्यांची होते, कारण आपणच ती करून देतो. आधी एक खरी गोष्ट द्या. स्वीडनमधल्या लुंड इथे विपेहोल्म नावाच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या संस्थेत १९४५ पासून साखर आणि कीड यांचा अभ्यास झाला. काही गटांना मुद्दाम चिकट टॉफ्या दिल्या गेल्या. त्यांचे दात किडले. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि 'जेवणांच्या मधे, वारंवार, चिकट गोड खाणं जास्त वाईट' हे आपण आजही पेशंटला त्याच्याच आधारावर सांगतो. त्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. वर्गात दोन प्रश्न ठेवा: हे ज्ञान वापरायचं का? आणि हाच प्रश्न दुसऱ्या कुठल्या मार्गाने सुटला असता का? दुसरा प्रश्न त्यांना जास्त शिकवतो.

मग परत १९६५ च्या पेपरकडे या. ते नऊ विद्यार्थी आपल्याच शिक्षकांना 'नाही' म्हणू शकले असते का? माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. संशोधकावर अवलंबून असलेल्या माणसाचे हक्क जपण्याचा मुद्दा त्यात मुळातच होता; अशा माणसाची संमती कशी घ्यायची हे १९७५ च्या सुधारणेत आलं. तुमचा एखादा विद्यार्थी ज्युनिअर बॅचवरच अभ्यास करायचं म्हणतो, तेव्हा संमती तुम्ही किंवा त्याने न घेता, त्यांना मार्क देण्याशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाने घ्यावी.

संमतीपत्राचा सराव सोपा आहे. विद्यार्थ्याने लिहिलेलं पत्र वैद्यकाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि त्या व्यक्तीला विचारा: तुमचं काय करणार आहेत? मधेच सोडता येईल का? पहिल्या मसुद्यात बहुतेकदा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडतच नाही.

बनावट डेटाबद्दलही आडपडदा न ठेवता बोला. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तोंडाच्या कर्करोगावरचा ९०८ जणांचा अभ्यास छापून आला. नंतर निघालं की डेटा बनावट; ९०८ पैकी २५० जणांची जन्मतारीख एकच होती. २००६ मध्ये पेपर मागे घेतला गेला. हे सांगितलं की विद्यार्थी हसतात. मग विचारा: पेशंट फेरतपासणीला आला नाही, सत्र संपत आलंय, आणि तक्त्यात एकच घर रिकामं आहे, तेव्हा तुम्ही काय कराल? हसू थांबतं. उत्तर तुम्हीच द्या, स्पष्ट शब्दांत: रिकामं ठेवायचं, आणि किती रिकामी राहिली ते लिहायचं. त्यासाठी मार्क कापणार नाही हेही सांगा, आणि खरंच कापू नका.

परवानगी येईपर्यंत पेशंटचा एकही आकडा गोळा करायचा नाही. कमिटीला वेळ लागतो, म्हणून प्रस्ताव लवकर टाका. मधल्या काळात डबा आहेच.

पायरी ७: मास्टर चार्ट

मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या नोंदींचा एकत्र तक्ता. मार्गदर्शकाचे सर्वाधिक तास इथे वाया जातात, आणि टाळता येतात. एका ओळीत एक पेशंट, किंवा दात मोजत असाल तर एका ओळीत एक दात, मिसळायचं नाही. पेशंटचं नाव नाही, क्रमांक. घरं रंगवून अर्थ लावायचा नाही, कारण सॉफ्टवेअरला रंग वाचता येत नाहीत. मूळ फाइलची एक प्रत कुलूपबंद, काम दुसऱ्या प्रतीवर.

डीएमएफटीच्या (किडलेले, गेलेले आणि भरलेले दात यांच्या संख्येच्या) नोंदीत एक जुना सापळा आहे. डब्ल्यूएचओच्या कोडमध्ये ० निरोगी, १ किडलेला, २ भरलेला पण पुन्हा किडलेला, ३ भरलेला आणि ठीक, ४ किडीमुळे गेलेला, ५ दुसऱ्या कारणाने गेलेला. हे आकडे म्हणजे नुसती नावं आहेत. तरी दर एक-दोन बॅचला कुणीतरी त्यांची सरासरी काढतो. वयाचं भानही लागतं: ३० वर्षांखाली फक्त कोड ४ 'गेलेला' म्हणून धरायचा, ३० आणि त्यापुढे ४ आणि ५ दोन्ही. दातांच्या क्रमांकाचीही सरासरी काढलेली मी पाहिली आहे. १६ आणि ४६ यांची सरासरी ३१. दोन दाढांच्या मधोमध खालचा समोरचा दात उगवला!

माहिती नसेल तिथे ९९ टाकायची पद्धत दिसली तर लगेच थांबवा. ५० मुलांपैकी ४९ जणांचा सरासरी डीएमएफटी १.५ आहे आणि एकाच्या घरात ९९ राहिला, तर सरासरी ३.४५ होते. ती २१ झाली असती तर कुणाच्याही डोळ्यांत भरली असती. ३.४५ कुणाला खटकत नाही, आणि तशीच छापून जाते.

पायरी ८: आकडेमोड, थोडक्यात

डेटा यायच्या आधी रिकामे तक्ते काढून घ्या: ओळींची नावं, रकान्यांची नावं, आकडे कोरे. कुठली टेस्ट लागेल ते कोऱ्या तक्त्यावरूनच समजतं. संख्याशास्त्रज्ञाकडे हा कोरा तक्ता घेऊन सुरुवातीलाच जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर तो फक्त शवविच्छेदन करू शकतो. किडीचे आकडे बहुधा एका बाजूला कललेले असतात, बऱ्याच मुलांत शून्य आणि थोड्यांत ढीगभर, म्हणून सरासरीबरोबर मध्यकही मागा. एवढं पदवीच्या विद्यार्थ्याला पुरे.

पायरी ९: लिहायला लावा, उलट्या क्रमाने

प्रस्तावनेपासून सुरू केलं की विद्यार्थी महिनाभर इतरांची वाक्यं फिरवत बसतो. आधी 'पद्धत' लिहायला लावा. ती त्याने स्वतः केली आहे, तिला उसनं वाक्य लागत नाही. मग तक्ते, मग निकाल, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. निरीक्षणात्मक अभ्यासाला 'स्ट्रोब'ची आणि चाचणीला 'कन्सॉर्ट'ची तपासयादी सोबत ठेवा. पद्धतीचा भाग पूर्ण झाला की दुसऱ्या गटाला द्या आणि विचारा: नुसत्या या पानावरून तुम्हाला हाच अभ्यास पुन्हा करता येईल का? त्यांचे प्रश्न समासात. माझ्या लाल शाईपेक्षा त्या समासाचा उपयोग जास्त होतो.

फरक आढळला नाही म्हणून रडवेला झालेला गट तुमच्याकडे येईल. त्या ब्रशवाल्या मुलीचा गटही आला होता. चार आठवड्यांत दोन्ही गटांचा प्लाक जवळजवळ सारखाच कमी झाला, कारण आपल्याला कुणीतरी मोजणार आहे हे कळल्यावर सगळीच मुलं नीट घासायला लागली. मी म्हटलं, हाच तुमचा निकाल, असाच लिहा. तोंडी परीक्षेत त्यांना सर्वात जास्त प्रश्न त्यावर विचारले गेले, आणि उत्तरंही त्यांच्याकडे होती.

लेखकांच्या नावांचा विषय पहिल्याच बैठकीत काढा. काम न करता आपलं नाव घालायला सांगणारे वरिष्ठ तुम्हाला भेटतील. आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे) लेखकत्वाचे चार निकष छापून भिंतीवर लावले की निदान भिंतीकडे बोट दाखवता येतं.

मार्क देताना

निकालाला मार्क देऊ नका. शोधाची वही, प्रोटोकॉलचा पहिला आणि शेवटचा मसुदा, दोन वेळचा कप्पा आणि रिकाम्या घरांची कबुली, याला द्या. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न पुरतो: पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल? ज्याने स्वतः केलं आहे, तो थांबत नाही.

डबा मात्र पुढच्या बॅचसाठी जपून ठेवा, आणि कुठल्या पृष्ठभागावर किती मतभेद झाले याची नोंद त्यातच ठेवा. आमच्या डब्यात १४ नंबरच्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर आजवर एकाही बॅचचं एकमत झालेलं नाही. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, कापून बघूया, आत डेंटिनपर्यंत (इनॅमलखालच्या थरापर्यंत) कीड गेलीय का ते दिसेलच. कापला तर पुढच्यांचा दात गेला, म्हणून मी आजवर टाळत आले. यंदाच्या बॅचला सांगितलंय की कापायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. पण ठरवलंत तर करवत लावायच्या आधी प्रत्येकाने लिहून द्यायचं, की आत काय दिसलं तर तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल. अकरा चिठ्ठ्या आल्यात. चौघांनी अजून दिलेल्या नाहीत.